पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा बैल

नववीच्या वार्षिक परीक्षेत मी ‘आमच्या गावची नदी’ असा वर्णनात्मक निबंध घातला होता. पेपर तपासायला बसले तर वर्गातल्या सगळ्या पोरांची नदी खळखळ वाहत होती. खरी नदी शाळेच्या मागेच होती. दिवाळीनंतर तिच्यात पाणी शोधावं लागे आणि होळीनंतर बायका वाळूत खड्डे करून वाटीवाटीने हंडे भरत. पेपरांतली नदी मात्र नागमोडी वळणं घेत, चांदीच्या पट्ट्यासारखी चमकत, अवखळ बालिकेप्रमाणे बागडत निघाली होती. एका पोराने तिच्यात होड्यासुद्धा सोडल्या होत्या.

हे सगळं गाइडमधून आलेलं. गाइड वर्गात दोघा-तिघांकडेच होतं, पण पाठांतर सगळ्यांचं होतं. पोरांचाही दोष म्हणता येणार नाही, कारण माझ्या आधीच्या गुरुजींनी फळ्यावर उपमांची यादीच लिहून दिली होती आणि ती घोटून घेतली होती. मुख चंद्रासारखं, दात मोत्यांसारखे, नाक चाफेकळीसारखं. परीक्षेत अलंकारिक भाषेला वेगळे गुण असतात, एवढं पोरांना पक्कं ठाऊक होतं. ते गुण मिळवायला नदीत पाणी असण्याची गरज नव्हती.

मी मूळची जळगावची. पारोळ्यापासून एसटीने अर्ध्या तासावर असलेल्या या गावात मराठी शिकवायला आले तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. एक खोली भाड्याने घेऊन एकटी राहत होते. शिळी भाकर मी आवडीने खात असे, पण शिळी उपमा समोर आली की माझं डोकं उठायचं. हा स्वभाव नोकरीला फारसा सोयीचा नव्हता. मुख्याध्यापकांनी मला एकदा समजावलं होतं, बाई, पोरं पास होतात ना, मग चंद्र असो नाहीतर कंदील, तुमचं काय जातं? माझं काय जात होतं ते मला त्यांना नीट सांगता आलं नाही.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत दहावीत जाणाऱ्या पोरांचे जादा तास माझ्याकडे आले. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. मी पहिल्याच दिवशी फळ्यावर गाइडातल्या सगळ्या उपमा लिहिल्या आणि सांगितलं की या आजपासून बंद. त्यातली एक जरी वहीत दिसली तरी शून्य. पोरं घाबरली. आता लिहायचं काय, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

मग मी त्यांना रोज बाहेर काढू लागले. आधी बघायचं, मग लिहायचं. एक वस्तू निवडायची आणि ती कशासारखी आहे ते सुचेपर्यंत तिच्यावरून नजर काढायची नाही. नियम एकच होता: उपमा त्याच वस्तूला लागू पडली पाहिजे. दुसऱ्या कशालाही चालत असेल तर ती खोडायची. तुझा निंब आणि शेजारच्या गावचा निंब एकाच उपमेत बसत असतील, तर तू निंब पाहिलेलाच नाहीस, असं मी म्हणायची. मला हे वाक्य आवडायचं आणि मी ते फार वेळा म्हटलं.

आठवडाभर काही झालं नाही. नंतर एकाने एसटीबद्दल लिहिलं की ती बाजारातून परत येणाऱ्या म्हाताऱ्या आजीसारखी आहे, आधी खोकला ऐकू येतो आणि मग ती दिसते. वर्ग हसला. त्या हसण्याने जे काम केलं ते माझ्या नियमाने केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी एकीने दुपारच्या रिकाम्या शाळेला परातीत विसरलेल्या पिठाच्या गोळ्यासारखी म्हटलं, वरून पापुद्रा धरलेली. मी तो पापुद्रा फळ्यावर लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या. मला त्या दिवशी खरोखर आनंद झाला होता.

एक मुलगी मात्र काहीच लिहीत नव्हती. ही वर्गातली सर्वांत नेटकी पोर, अक्षर छापल्यासारखं, गाइड तिला पानासकट पाठ. उपमा बंद झाल्यावर तिचं सगळं भांडवलच गेलं. ती बाहेर येऊन उभी राहायची, बघायची, आणि वही कोरी परत करायची. मी तिला रागावले नाही. ती बघते आहे हे मला दिसत होतं. इतर पोरं घटकाभर बघून कंटाळत, हिची पापणी लवत नसे. एकदा मी विचारलं तर म्हणाली, “बाई, सुचस, पन ते लिखानं का नही ते समजत नही.” सुचलेलं लिहावं की नाही हेच तिला कळत नव्हतं. मी म्हटलं, बरोबर बसत असेल तर बिनधास्त लिही, बिनधास्त बोल.

तिचं घर माझ्या खोलीच्या समोरच होतं. वडील कपाशी लावत, आई माझ्याकडे अधूनमधून ताक पाठवायची. त्या उन्हाळ्यात त्यांच्या घरात एकच विषय होता. मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. नदीच्या पलीकडचं गाव, घर बऱ्यापैकी, आणि मुलगा धुळ्याला नोकरीला. सुपारी पुरुषांमध्येच फुटली होती, बायकांचं जाणंयेणं अजून व्हायचं होतं. मोठी बहीण रोज वाळूतल्या खड्ड्यावर हंडे भरायला जायची आणि मला तीन-तीनदा सांगायची की धुळ्याच्या खोलीत नळ आहे, दाराच्या आत. नवऱ्याबद्दल तिने एवढ्या वेळा काही सांगितलं नाही. आखाजीनंतर हळद लागायची होती.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, खानदेशात बायकांचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, घराघरांत गौराई बसते, सांजोऱ्या आणि आमरस होतो. गौराईला निरोप द्यायला संध्याकाळी सगळ्या नदीवर जातात. त्या गावात तेव्हा आणखी एक रीत होती. पलीकडच्या गावच्या बायकाही त्याच वेळी त्यांच्या काठावर येत, आणि मधल्या कोरड्या पात्रावरून दोन्ही काठ एकमेकींना यथेच्छ बोलून घेत. वर्षभर सासूपुढे मान खाली घालणाऱ्या बायका त्या तासाभरात घसा बसेपर्यंत ओरडत. अंधार पडला की आपापल्या घरी. दुसऱ्या दिवशी बाजारात त्याच बायका एकमेकींना रामराम घालत.

मी पाहायला गेले, पण ऐकलं मास्तरणीच्या कानांनी. “तुमना गावना नवरदेव, बिनदोरीना भवरा!” इकडून. “तुमना गावन्या पोरी, सुकेल बोरी!” तिकडून. हसू, टाळ्या, पुन्हा तेच. माझ्या शेजारच्या म्हातारीने सांगितलं की तिच्या सासूच्या वेळेपासून हीच बोलणी आहेत. मला गंमत वाटली आणि जरा कंटाळाही आला. सगळी घोटलेलीच. बिनदोरीचा भवरा कुठल्याही गावच्या नवरदेवाला चालला असता. हातात लाल पेन असतं तर मी निम्म्या नदीला शून्य दिलं असतं.

माझी मुलगी, म्हणजे ती वही कोरी देणारी, माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. ती ओरडत नव्हती, पलीकडे बघत होती. पलीकडच्या घोळक्याच्या जरा मागे एक बाई एकटीच उभी होती. अंगावर कोरी हिरवी साडी, नाकात नथ, गळ्यात सोनं, सगळं सणाचं. खांदे मात्र खाली आलेले, आणि एक हात कमरेवर. तीही ओरडत नव्हती. इकडच्या बायका श्वास घ्यायला थांबल्या तेवढ्यात मुलीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढे होऊन मोठ्याने म्हणाली:

“ती देखा! पोयाना दुसरा दिनना बैल! शिंगले रंग शे, आंगवरनी झूल कोन लई गयं?”

पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात, झूल पांघरतात, पुरणपोळी चारतात, आणि दुसऱ्या दिवशी झूल काढून त्याला परत औताला जुंपतात. शिंगांचा रंग काही दिवस तसाच राहतो. मी त्या बाईकडे पाहिलं. ती तशीच होती, तंतोतंत. तिच्या आजूबाजूला एवढ्या बायका नटून उभ्या होत्या, पण ती उपमा तिच्याखेरीज कुणालाही बसत नव्हती. हिला पैकीच्या पैकी, असंच माझ्या मनात आलं.

टाळ्या वाजल्या नाहीत. पलीकडचा सगळा घोळका मागे वळून त्या एका बाईकडे बघू लागला. इकडच्या बायकांनीही तिकडेच पाहिलं, आणि मग एकमेकींकडे. नदीवर इतकी शांतता झाली की टोपलीत गौराई ठेवतानाच्या बांगड्या ऐकू आल्या. त्या बाईने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि ती गावाकडे चालू लागली. मुलीच्या आईने मुलीचं मनगट धरलं आणि तिला जवळजवळ ओढत घरी नेलं.

घरी गेल्यावर आईने मला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. ती बाई मोठ्या मुलीची होणारी सासू होती. धाकटीने तिला कधी पाहिलेलंच नव्हतं. पण ते तरी निस्तरता आलं असतं. खरी गोष्ट पुढे होती. त्या घरच्या धन्याने काही वर्षांपूर्वी दुसरी बायको आणली होती, त्याच घरात. दोघींना सणाला सारखीच साडी येई, सारखंच सोनं येई. किल्ल्या, चूल आणि माणूस मात्र दुसरीकडे, नव्या बायकोकडे होता. हिच्या, म्हणजे पहिलीच्या वाट्याला शेत होतं, राबायला. हे दोन्ही गावांतल्या मोठ्या माणसांना ठाऊक होतं आणि त्यावर कुणी कधी बोललं नव्हतं.

“बाई,” आई म्हणाली, “नदीवरलं बोलनं कोनाच आंगले लागत नही. म्हनीसन त्या बोलतस, म्हनीसन त्या ऐकतस.”

माझ्या नियमाच्या अगदी उलट नियम या बायकांकडे होता आणि तो माझ्यापेक्षा फार जुना होता. नदीवर जे म्हणायचं ते सगळ्यांना बसलं पाहिजे, म्हणजे कुणा एकीला ते बोचत नाही. शिळ्या उपमांचा असाही उपयोग असतो हे मला बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. तरी उपमा वाईट होती असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

दोन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, लग्नाचं बघू. आमच्याकडे ‘बघू’चा अर्थ काय होतो हे सगळ्यांना कळतं. सांजोऱ्यांचा डबा तसाच कोपऱ्यात पडला. मोठी बहीण हंडे घेऊन जायची आणि माझ्याशी एक शब्द बोलायची नाही. धाकटीला ती फक्त एकदाच बोलली, अंगणात, मला ऐकू येईल अशी: “तुले तठे दुसरी कोनीच नही दिखनी?” धाकटी मागच्या खोलीतून बाहेर येईना. जादा तासालाही आली नाही.

शेवटी वडील माझ्या दारात आले. शांत माणूस, टोपी हातात. पलीकडून मुलाची आई आणि तिचा भाऊ येणार होते, काय ते तोंडावर सांगायला.

“तुम्हीच शिकाडं बाई, आते तुम्हीच सांगा त्यासले,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “आबा, पोर खोटं काही बोलली नाही.”

“तेच ते, बाई,” ते म्हणाले आणि टोपी घालून गेले.

मला राग आला होता. बाईच्या घरात एवढं उघड चाललेलं कुणाला खुपलं नाही, आणि ते एका पोरीला दिसलं तर तिने कोंडून घ्यायचं. पण माझ्या रागाने नळ येणार नव्हता. मी बसून काय बोलायचं ते जुळवलं. उपमा म्हणजे काय, उपमेय कशाला म्हणतात, उपमान कशाला, पोरीच्या मनात अपमान कसा नव्हता. जुळवता जुळवता मलाच ते गाइडसारखं वाटू लागलं.

ते दोघे दुपारी आले. बाईचा नवरा आला नव्हता. बाईने तीच हिरवी साडी नेसली होती, घड्या आता मोडलेल्या. जवळून ती मला वाटली होती त्याहून लहान दिसली, फार तर चाळिशीची. घोंगडीवर बसली, पाणी घेतलं, सगळ्यांची विचारपूस केली. मोठी मुलगी चहा ठेवून दाराआड उभी राहिली, आणि तिथून हलली नाही. बाईचा भाऊ घसा खाकरून काहीतरी सुरू करणार होता, त्याआधी मीच सुरू केलं. म्हटलं, अक्का, मी शाळेत या पोरांना अलंकार शिकवते, त्यात असं असतं की.

“तुम्ही बसा, बाई,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मी बसले. मग तिने मुलीच्या आईला विचारलं, “कोनती पोर ती?”

आईने धाकटीला मागच्या खोलीतून आणलं. रडून डोळे सुजलेले, वेणी तीन दिवस न घातलेली. बाईने तिला जवळ बसवलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. मुलगी खाली बघत होती.

“त्या दिनले काय म्हने व्हती तू?”

मुलीने घोंगडीची दशी बोटाला गुंडाळली.

“मी कोनाले काही म्हनाऊ नही. माले परत आयकनं शे. वर देख मनाकडे, आनि सांग. कशी दिखस मी?”

भाऊ म्हणाला, जाऊ दे ना अक्का. तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मला तेव्हा कळलं की ती भांडायला आलेली नाही. नदीवर तिच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला बघून काही म्हटलं होतं. ते तिला जवळून, पुन्हा, सगळ्यांच्या समोर ऐकायचं होतं. मला वाटलं, आता पोरगी वर बघेल आणि बोलेल. मी तिच्याकडे मान हलवली. वर्गात हलवायची तशी.

मुलीने वर पाहिलं. आधी बाईकडे, मग बापाच्या टोपीकडे, मग दाराआडच्या बहिणीकडे. हंडे उचलून घट्टे पडलेले बहिणीचे हात तिला दिसत होते. मग तिने डोळे मिटले आणि फळ्यावरची पहिली ओळ म्हटली.

“तुमनं तोंड पुनीना चांदसारखं शे.”

खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आईने पदराने तोंड पुसलं, वडील पहिल्यांदा हसले, भाऊ म्हणाला, हां, पोर हुशार आहे. बाई तेवढी हसली नाही. ती बराच वेळ पोरीच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली.

“हाई ते माले मना लगनमा बी सांगेल व्हतं,” ती म्हणाली.

मग तिने बशीतला गार झालेला चहा संपवला, बशी खाली ठेवली, आणि मुलीच्या आईकडे वळून नवरीचा शालू कुठल्या रंगाचा घेणार ते विचारलं. आई म्हणाली, अजून ठरलं नाही, पण हिरवाच घ्यावा म्हणतो. हिरवा नको, एवढंच ती म्हणाली.